पुढची डावी नळी

बाळगोंडा चौगुले शोरूममध्ये शिरले ते अनवाणी, दोन हातांत दोन बूट धरून. सरळ माझ्या टेबलापाशी आले आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्यांनी डावा बूट उलटा केला. भळकन पाणी सांडलं.

"काय वो म्याडम," ते म्हणाले, "गाडीत मासं पाळू काय आता?"

मला हसू आलं होतं, पण गिळलं. माणूस खरोखरच तापलेला होता. हुपरीचे चांदीचे व्यापारी, एरवी बोलायला एकदम मोकळे. चार महिन्यांपूर्वी पाडव्याला माझ्याच हातून नव्या गाडीची किल्ली घेतली होती आणि जाताना सगळ्या स्टाफला पेढे वाटले होते. आता त्यांच्या पँटीच्या दोन्ही तंगड्या पोटरीपर्यंत भिजल्या होत्या.

"छतातनं गळतंय?" मी विचारलं.

"छतातनं, खांबातनं, कुठनं कुठनं! हातकणंगल्यापास्नं ब्रेक दाबला की पाणी फुडं येतंय, सोडला की मागं जातंय. आई मागं बसलीवती, ती सीटवर मांडी घालून बसली. म्हणती, बाळ्या, गाडी घेतलीस का हौद?"

तोवर आमचे वर्क्स मॅनेजर सबनीस काचेच्या केबिनमधून बाहेर आले. त्यांनी फरशी पाहिली, बूट पाहिले, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच गळत होते.

"तिसरी गाडी," ते म्हणाले. "पंधरा दिवसांत तिसरी. आणि तिन्हींच्या तपासणीवर सही कुणाची? मुल्लांची. बोलवा त्यांना."

दस्तगीर मुल्ला म्हणजे आमच्या वर्कशॉपातले सगळ्यात जुने मेकॅनिक. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी प्रत्येक नवी गाडी त्यांच्या हाताखालून जायची. त्यांनी सही केल्याशिवाय ती शोरूममध्ये यायची नाही. ते हात पुसत आले. बाळगोंडांना नमस्कार केला, पोर्चमध्ये उभ्या गाडीचं दार उघडलं, पायाखालचा गालिचा दोन ठिकाणी दाबला, खांबावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पुढची डावी नळी."

"ते मलाही कळतंय," सबनीस म्हणाले. "चोंदली कशानं, ते सांगा."

दस्तगीरभाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "पाचोळा असंल."

"पाचोळा! चौगुले, तुमची गाडी कुठं उभी असते?"

"पत्र्याच्या शेडात. आसपास झाड न्हाई, झुडूप न्हाई. चांदीचा कारखाना हाय तिथं, पाचोळा कुठला?"

"ऐकलंत?" सबनीस म्हणाले. "सोमवारी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून कामत मॅडम येतायत, खास या तीन गाड्यांसाठी. तोवर मला खरं कारण पाहिजे. नाहीतर मी लिहून देणार, की तपासणी करताना मुल्लांनी अस्तर खोललं, नळ्या ओढल्या आणि परत नीट बसवल्या नाहीत. मग मुल्ला घरी. माझा नाइलाज आहे."

शनिवारची दुपार होती. एकोणतीस वर्षं नोकरी झालेला माणूस, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली, आणि निष्काळजी म्हणून हाकलून देतो म्हटल्यावर नुसता मान हलवून परत वर्कशॉपात गेला. माझं डोकंच फिरलं.

त्यांच्याविषयी माझ्या जिवाला का लागलं, तेही सांगते. मी या शोरूममध्ये डिलिव्हरीच्या कामाला लागले तेव्हा लोकांना गाड्या देणारी मी, पण मला गाडी दोन फूट मागे घेता येत नव्हती. सगळे फिदीफिदी हसायचे. दस्तगीरभाई मात्र दोन महिने रोज संध्याकाळी मागच्या मैदानात माझ्याशेजारी बसले. मी त्यांच्या डोळ्यांदेखत तीन वेळा कुंपणाला गाडी घासली. दर वेळी ते खाली उतरायचे, चरा बघायचे आणि म्हणायचे, "निघतंय की पॉलिशनं. घे पुन्हा." वर्कशॉपात मला ते "पोरी" म्हणायचे, आणि साहेब लोकांसमोर "मॅडम".

आणि माझं काम? माझ्यामागे लोक काय म्हणत असतील ते म्हणोत, त्या कामाची मी राणी होते. मी यायच्या आधी इथं किल्ली आणि कागदांची पिशवी हातात ठेवली की झालं. गाडी घेणं म्हणजे काय रेशन आणणं आहे? मी रांगोळी आणली, औक्षण आणलं, चाकाखाली लिंबं, नारळ, छतावरून अक्षता, सनईसुद्धा लावली. म्हाताऱ्या बायका पदरानं डोळे टिपायच्या. गडहिंग्लजहून लोक यायचे आणि सांगायचे, त्या खराडेबाईच्या हातनंच गाडी पाहिजे.

म्हणून मी सबनीसांना तिथंच म्हणाले, "कारण मी शोधून काढते."

"तुम्ही?" त्यांनी पेन खिशाला लावलं. "मॅडम, तुम्ही नारळ फोडा. तेवढं बरं जमतं तुम्हाला."

झालं. मला एवढं पुरे होतं. मी बाळगोंडांना म्हणाले, "गाडी ठेवून जा. सोमवारी या, कोरडी ठणठणीत करून देते." त्यांनी माझ्याकडे, मग बुटांकडे पाहिलं, आणि "बघा बाई" म्हणून किल्ली माझ्या हातात दिली.

वर्कशॉपामागच्या नळावर दस्तगीरभाई कोपरापर्यंत साबण लावत होते.

"तुम्ही नळी ओढली होती का?" मी सरळ विचारलं.

"एकोणतीस वर्सात कुणाची ओढली न्हाई."

"मग तोंड का शिवून बसलाय? सांगा की त्यांना."

"जाऊ दे पोरी. हाय ते बरं हाय."

"काय बरं आहे? ते तुम्हाला घरी बसवतायत! मी उद्या येऊन स्वतः बघणार आहे."

एकदम त्यांचा हात थांबला. "तू कशाला हात घालतीस? उद्या आईतवार. आषाढातला शेवटचा. घरी मटण करा, खावा, झोपा."

आता खोटं कशाला बोलू, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस काहीतरी लपवतोय. खरंच चूक झाली असेल का? वय झालंय, चष्म्याचा नंबर वाढलाय. घरी गेले तरी तोच विचार. पण मग स्वतःलाच म्हटलं, चूक असली तर असली. निदान चूक म्हणून तरी कळू दे, पाचोळा म्हणून नको.

रविवारी सकाळी नवऱ्याचा जुना शर्ट घातला, घरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर पाणी सोडलं आणि वर्कशॉप गाठलं. शोरूम रविवारी उघडं असतं, वर्कशॉप बंद. वॉचमनकडून किल्ली घेतली. तो डोळे विस्फारून बघत राहिला.

सनरूफची, म्हणजे छतातल्या सरकत्या काचेची, गंमत अशी, की बहुतेकांना वाटतं काचेभोवतीच्या रबरानं पाणी अडतं. सबनीसांनाही तेच वाटायचं. पहिल्या गाडीला त्यांनी काचेभोवती सिलिकॉन फासायला लावलं आणि ती दुप्पट गळली. रबरातून थोडं पाणी आत येतंच. ते यावं असंच केलेलं असतं. आत काचेभोवती एक पन्हळ असते, तिच्या चार कोपऱ्यांना चार नळ्या. त्या गाडीच्या खांबांतून खाली उतरतात आणि पाणी चाकांपाशी बाहेर सोडतात. एक जरी नळी बुजली, की पन्हळ भरते आणि पाणी मिळेल त्या वाटेनं आत उतरतं. हे सगळं मला दस्तगीरभाईंनीच कधीतरी चहा पिता पिता सांगितलं होतं.

मी छत उघडलं, स्टुलावर चढले आणि तांब्यानं एकेका कोपऱ्यात पाणी ओतायला लागले. मागच्या उजव्या कोपऱ्यात ओतलं, चाकामागून धार लागली. मागची डावी, तीही वाहिली. पुढची उजवी वाहिली. पुढच्या डाव्या कोपऱ्यात ओतलं आणि खाली वाकून बघितलं. फरशी कोरडी. वर पाणी तसंच तुंबलेलं. बघता बघता ते काठावरून आत सरकलं आणि खांबाच्या आतून टप टप आवाज यायला लागला.

चला, एवढं तर सापडलं. आता काढायचं कसं? तार घालायची नाही, नळीला भोक पडतं. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, खालचा सांधा निसटतो. हे दोन नियम दस्तगीरभाई वर्कशॉपात येईल त्याला ऐकवायचे. मी माळ्याच्या खोलीतून गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी आणली आणि हळूहळू नळीत सारली. हातभर गेली आणि थांबली. दगडासारखं काही नाही, मऊ लागत होतं, पण हलायला तयार नाही. मी फिरवली, मागे घेतली, परत सारली. पाठीतून घाम निथळला. अर्ध्या तासात दोन बोटंसुद्धा पुढं गेली नाही.

"हात काढ."

मागे दस्तगीरभाई उभे. अंगात पांढरा स्वच्छ पायजमा-सदरा. वॉचमननं फोन केला असणार.

"नाही काढत," मी म्हणाले. "शिकवायचं तर शिकवा, नाहीतर सरका बाजूला."

"वरनं न्हाई निघायचं ते. खालनं काढायला लागतं." त्यांनी माझ्या हातातली दोरी घेतली. "बरं, मी करतो. तू चहा तर आण जा कोपऱ्यावरनं. दमलीयास."

मी भोळी, उतरले स्टुलावरून. थर्मास घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले. टपरी बंद. आषाढातल्या शेवटच्या रविवारी कोल्हापुरात अकरा वाजता कोण चहा विकत बसतंय? तशीच परत फिरले, पाच मिनिटांत.

दस्तगीरभाई पुढच्या चाकाशी गुडघ्यावर बसले होते. चाकामागचं आवरण खोललेलं, नळीचं टोक बाहेर काढलेलं, खाली फरशीवर त्यांचा रुमाल अंथरलेला. नळीतून पाणी धो धो वाहत होतं. माझ्या पावलांचा आवाज झाला तसा त्यांनी रुमाल झटकन गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात कोंबला. पांढऱ्या सदऱ्यावर ओला लालसर डाग उमटला.

"खिशात काय आहे?"

"काय न्हाई. पाचोळा."

"दाखवा."

"पोरी, ऐक माझं..."

"दस्तगीरभाई, तुम्ही काढता का मी हात घालू? मला लाज नाही, तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी रुमाल काढला आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातावर ठेवला. मी उलगडला.

तांदूळ होता. फार नाही, दोन चिमटी असेल. फुगून मऊ झालेला, लाल-पिवळा, झेंडूच्या कुजलेल्या पाकळ्यांत गोळा होऊन बसलेला. आंबूस वास येत होता. तो तांदूळ मी कुठंही ओळखला असता. डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी मीच तो ताटात घ्यायचे, कुंकू चिकटावं म्हणून तुपाचं बोट लावायचे आणि चोळायचे. मग, त्या वर्षीच्या पाडव्यापासून काढलेली माझी नवी टूम, गिऱ्हाइकाच्या घरचे सगळे गाडीत बसले की छताची काच सरकवायची आणि शिडीवर चढून पाकळ्या नि अक्षता वरून त्यांच्या डोक्यावर सोडायच्या. सगळ्या डोक्यावर कशा पडतील? निम्म्या पन्हळीत पडायच्या. पाऊस आला की वाहत कोपऱ्यात जायच्या, आणि तुपानं एकमेकींना धरून नळीत बसायच्या.

मी तिथंच तेलकट फरशीवर बसले.

"पहिल्यांदा कधी सापडलं?"

"जूनमधी. पयल्या सर्व्हिसिंगला गाडी आली, सहज पाणी ओतून बघितलं तर वाहीना. काढलं तर हे."

"आणि मग?"

"मग पाडव्यापास्नं अक्षय्य तृतीयेपतोर दिलेली जी गाडी सर्व्हिसिंगला येईल तिच्या नळ्या साफ करून सोडल्या. तेवीस झाल्या, आधी गळून आलेल्या दोन धरून. ज्या वेळेवर आल्या न्हाईत त्या गळल्या, त्याला मी काय करू?"

"आणि कार्डावर काय लिहिलंत?"

"पाचोळा."

"तेवीस वेळा?"

"तेवीस वेळा."

मला रडू यायच्या आधी राग आला. असा आला की रुमाल त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला. "मला सांगता येत नव्हतं? मी काय खाल्लं असतं तुम्हाला? लोकांच्या गाड्यांत मी तांदूळ ओततेय आणि तुम्ही मागनं उपसताय, आणि मला पत्ता नाही! केवढी मूर्ख ठरवलीत मला!"

ते चाकाला टेकून बसले. सदरा खराब होतोय याचंही त्यांना भान नव्हतं.

"कसं सांगू? दस्तगीर मुल्लानं उठून म्हणायचं, तुमच्या पूजेच्या अक्षतांनी गाडी बिघडती? मी सरळच सांगीन. पण ऐकणारा कसा ऐकंल, ते काय माझ्या हातात हाय? एकदा तोंडातनं गेलं की गावात कसं फिरंल, कोण काय जोडंल. त्यापरीस पाचोळा बरा, त्याला कुणाचा राग येत न्हाई."

"ते लोकांचं झालं. मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी नळीचं टोक सदऱ्याच्या बाहीनं पुसलं. मग म्हणाले, "तू शिडीवर चढलीस की वर्कशॉपातली समदी हातातलं काम टाकून काचेला नाक लावत्यात. मीबी लावतो. माणसं हसत्यात, रडत्यात, एकमेकाच्या डोक्यातल्या पाकळ्या काढत्यात. आमच्याकडं गाडी येती ती बिघडल्यावर, माणूस येतो तो चिडून. तेवढं एक बघितलं की दिवस बरा जातो. ते बंद पाडायचं माझ्या जिवावर आलं."

मग मात्र मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, आणि रडून झाल्यावर नवऱ्याच्या शर्टाला नाक पुसलं.

"उद्या मी सांगणार," मी म्हणाले.

"नको. माझी चार वर्सं ऱ्हायल्यात, तुझी वीस."

"मोजत बसा तुम्ही. मी सांगणार म्हणजे सांगणार. चूक माझी आहे, आणि त्या सबनीसांसमोर मान खाली घालून उभे तुम्ही राहता. हे मला नाही चालायचं."

"तुझी रग माहीत हाय म्हणून तर सांगितलं नव्हतं," ते म्हणाले, आणि नळी परत जागेवर बसवायला लागले. आम्ही दोघांनी मिळून गालिचा काढला, फोम पिळला, पंखे लावले. चार वाजेपर्यंत गाडी कोरडी झाली.

सोमवारी कामत मॅडम आल्या. पन्नाशीच्या, बारीक, आवाज न चढवता बोलणाऱ्या बाई. सबनीसांच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण: त्या, सबनीस, दस्तगीरभाई, गाडी न्यायला आलेले बाळगोंडा आणि मी. सबनीसांनी तोंड उघडायच्या आत मी रुमालातल्या तांदळाची स्टीलची वाटी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. शिडी, तूप, कुंकू, पन्हळ, नळी. एका दमात सांगितलं, नाहीतर धीर सुटला असता.

बाळगोंडांनी वाटीत डोकावून पाहिलं. "आयला! म्हणजे ह्या आमच्या आईच्याबी असणार. तिला तुमच्या पुरंना झाल्यात्या, ती घरनं आणखी आणलीवती." आणि ते खो खो हसले. "गाडी कोरडी हाय न्हवं? मग माझी कायबी तक्रार न्हाई."

मला वाटलं, सुटलो. कामत मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सर्व्हिसिंगच्या कार्डांचा गठ्ठा पुढं ओढला आणि एकेक बघायला लागल्या.

"पाचोळा," त्या म्हणाल्या. "पाचोळा. पाचोळा. इथंही पाचोळा. मुल्ला, हे अक्षर तुमचं?"

"व्हय."

"तांदूळ दिसत होता, आणि तुम्ही पाचोळा लिहीत गेलात?"

"व्हय मॅडम."

"गाडीत तांदूळ गेला, ती चूक. चुकीचं मी समजू शकते. पण तेवीस कार्डांवर खोटी नोंद? तुम्ही पहिल्याच गाडीला खरं लिहिलं असतंत तर या तिन्ही गळल्या नसत्या. तुमच्या सहीवर आम्ही माणसांना गाडीत बसवतो. उद्या तुम्ही ब्रेक ठीक म्हणून लिहिलंत तर मी ते कशावर मानू?"

बाईंचं एक अक्षर चुकीचं नव्हतं. हे मला सुचलंच नव्हतं. नुसती चूक असती तर कामत मॅडमनी दस्तगीरभाईंना समज देऊन सोडलंही असतं. मी खरं बोलून त्यांना पुरतं अडकवलं होतं. सबनीस खुर्चीत मागे टेकले. दस्तगीरभाईंनी हात मागे बांधले, काय येईल ते घ्यायच्या तयारीनं.

"मी सांगितलं होतं त्यांना," मी म्हणाले.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"काय सांगितलं होतं?" कामत मॅडम म्हणाल्या.

"पाचोळा लिहायला. पहिल्या गाडीत तांदूळ सापडला तसे ते माझ्याकडेच आले होते. म्हणाले, कार्डावर लिहितो आणि साहेबांना सांगतो. मीच नको म्हणाले. हे बाहेर गेलं तर माझं नाव जाईल, काम जाईल. ते ऐकत नव्हते. मी रडले, पाया पडले, पोरांची शपथ घातली." खोटं बोलायलाच बसल्यावर हात आखडता कशाला घ्यायचा? "रोज त्यांच्यामागे लागून मी लिहायला लावलं."

"मॅडम, न्हाई, ह्या..." दस्तगीरभाईंनी तोंड उघडलं.

"दस्तगीरभाई, बास झालं," मी म्हणाले. "आता तरी मला वाचवू नका."

ते उघडं तोंड तसंच मिटलं. आता ते काहीही बोलले असते तरी मला वाचवायलाच बोलतायत असं दिसलं असतं, आणि ते त्यांनाही कळलं.

कामत मॅडम माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. त्यांना संशय आला होता का? मला आजही ठाऊक नाही. मग त्यांनी गठ्ठा मिटवला. मुल्लांना लेखी समज, नोकरी कायम. माझ्याकडून डिलिव्हरीचं काम त्याच दिवसापासून काढून घेतलं.

"शोभतं का मॅडम?" सबनीस म्हणाले. "म्हाताऱ्याच्या नोकरीवर पाय देऊन स्वतःचं कौतुक करून घेत होतात?" हेच वाक्य पुढं सहा-सात वर्षं कुठल्या ना कुठल्या तोंडातून मी ऐकत आले. आणि बाळगोंडा, इतका वेळ हसणारे बाळगोंडा, त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातून घेतली नाही. "ठेवा तिथं टेबलावर," म्हणाले. ते मात्र मला फार लागलं.

"मला काढायचं तर काढा," मी कामत मॅडमना म्हणाले. "ठेवणार असाल तर खाली वर्कशॉपात ठेवा."

"तिथं काय करणार तुम्ही?"

"पाडव्यापासून मी सनरूफच्या बावन्न गाड्या दिल्या. चोवीस साफ झाल्या. अठ्ठावीस गाड्या अजून लोकांच्या दारात उभ्या आहेत, आणि पाऊस चालू आहे. प्रत्येकाला फोन करून बोलवायला पाहिजे आणि नळ्या मोकळ्या करायला पाहिजेत. अक्षता मी टाकल्या, मीच काढते."

त्यांनी सबनीसांकडे न बघताच मान हलवली.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, घरीसुद्धा नाही. आता दस्तगीरभाई निवृत्त होऊन मिरजेला नातींना सायकल शिकवतायत. त्यांची फंडाची कागदपत्रं, निरोपाचा हार, सगळं रीतसर झालं. आता कुणी त्यांचं काही वाकडं करू शकत नाही, म्हणून सांगितली.

त्या दिवशी केबिनमधून ते तडक बाहेर पडले. मी त्यांच्या मागोमाग जिना उतरले, वर्कशॉप ओलांडलं, गाड्या धुवायच्या जागेपर्यंत गेले. तिथं ते थांबले. चेहरा रागानं लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं.

"खोटं बोललीस," ते म्हणाले. "माझ्यासाठी, पोरांची शपथ मधी घालून खोटं बोललीस."

"तुम्ही तेवीस वेळा लिहिलंत," मी म्हणाले. "मी एकदाच बोलले."

मग त्यांनी बाहीनं डोळे पुसले, शेजारच्या गाडीच्या छतावर उगाच हात फिरवला, घसा खाकरला.

"उद्या आठला ये," ते म्हणाले. "साडी नको. आणि हातातलं घड्याळ काढून ये, रंगाला चरे पडत्यात."

दुसऱ्या दिवशी मी साडेसातलाच हजर होते.